री:झिरोचा नवा सीझन जोखताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'री:झिरो' ही जपानी अ‍ॅनिमे मालिका २०१६ पासून चालू आहे; तिचा नायक सुबारू मेला की काळात मागे येतो. पहिल्या तीन सीझनचे ६६ भाग, मधे दोन छोटे चित्रपट, आणि दर नव्या सीझनच्या पहिल्याच रात्री तोच वाद: "पूर्वीसारखं राहिलं नाही." कधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा तक्रार रास्त असते आणि मांडलेली असते भलत्याच्या खात्यावर. मूळ कादंबरीचं दुखणं दिग्दर्शकाच्या नावावर, टीव्हीच्या नियमाचं चित्रकारांच्या नावावर, आणि आपणच विसरलेल्या गोष्टीचं पटकथेच्या नावावर. खालची उत्तरं हे खातं नीट लिहिण्यासाठी आहेत. उदाहरणं मुख्यतः री:झिरोची. जिथे दुसरी मालिका जास्त बोलकी आहे तिथे तिची. तिसऱ्या सीझनचा शेवट फोडलेला नाही. पहिल्या दोन सीझनमधल्या गोष्टी मात्र मोकळेपणाने येतील.

'तीन भाग बघून ठरवा' हा नियम नव्या सीझनलाही लावायचा का?

नाही. तो नियम अनोळखी मालिकेसाठी आहे: जग पटतंय का, पात्रं आवडतायत का, हे तीन भागांत कळतं. पन्नास भाग बघितलेल्या माणसाला ते आधीच माहीत असतं. त्याला शोधायचं असतं ते वेगळंच: या सीझनने कथेचा जो तुकडा हातात घेतला तो पेलला का? आणि तो तुकडा तीन भागांत संपत नाही. शिवाय भागांची लांबीही सारखी नसते. तिसऱ्या सीझनचा पहिला भाग ९० मिनिटांचा होता. त्याचे 'तीन भाग' म्हणजे नेहमीच्या मापाने जवळपास सहा भागांचा ऐवज.

मग मत कधी बनवायचं?

कथाभाग पूर्ण झाल्यावर. सीझन मधे तुटला असेल तर दुसरा तुकडा आल्यावर. जपानी टीव्हीवर वर्षाचे चार हंगाम असतात: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. एका हंगामात १२-१३ भाग बसतात, त्याला 'कूर' म्हणतात. लांब कथाभाग दोन कूरमधे फोडून मधे सुट्टी घेण्याची पद्धत आता रुळली आहे.

दुसरा सीझन असाच फुटला: १३ भाग जुलै ते सप्टेंबर २०२० मधे, उरलेले १२ जानेवारी ते मार्च २०२१ मधे. (मुळात तो एप्रिल २०२० मधे यायचा होता, कोरोनामुळे लांबला.) त्याच्या पहिल्या अर्ध्यात जवळजवळ सगळे प्रश्नच आहेत: 'अभयारण्य' (सँक्च्युअरी) नावाच्या गावात अडकलेले लोक, इकडे हवेलीवर येणारं संकट, आणि दोन्हीकडे एकाच वेळी पोचता न येणं. उत्तरं दुसऱ्या अर्ध्यात आहेत. सप्टेंबर २०२० मधे 'कंटाळवाणा' म्हणून दिलेले गुण अर्ध्या कथेला दिलेले होते. तिसरा सीझन ८ आणि ८ असा फुटला. पहिले आठ ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मधे, पुढचे आठ फेब्रुवारी-मार्च २०२५ मधे, आणि पहिला तुकडा ऐन लढाईत थांबतो. तिथे थांबून निकाल लावण्यात अर्थ नाही.

आठवड्याला एक भाग बघावा की सगळे जमवून?

सीझनवर अवलंबून आहे, आणि याने मत खरोखर बदलतं. तिसऱ्या सीझनमधे प्रिस्टेला नावाच्या पाण्याच्या शहरात चार नियंत्रण-मनोऱ्यांवर एकाच वेळी लढाया चालतात आणि कॅमेरा एकीकडून दुसरीकडे उड्या मारतो. आठवड्याच्या अंतराने बघितलं तर "हा इथे कधी पोचला?" असं होतं, चार-चार भाग सलग बघितले की धागा सुटत नाही. दुसऱ्या सीझनचं उलट आहे. तिथली दहा-दहा मिनिटांची संभाषणं सलग गिळली तर अजीर्ण होतं, दोन-तीन दिवसांच्या अंतराने बघितली तर मुरतात. मत देताना आपण कसं बघितलं तेही सांगावं. ऐकणाऱ्याला त्यावरून बराच बोध होतो.

तिसऱ्या सीझनच्या आधी सगळं परत बघायला वेळ नाही. किमान काय बघू?

पहिल्या सीझनचे भाग १२ आणि १३: राजसिंहासनाच्या उमेदवार आणि त्यांचे सरदार एकत्र दिसतात. ही सगळी मंडळी प्रिस्टेलात पुन्हा जमतात, म्हणून कोण कोणाच्या गोटातलं हे पक्कं पाहिजे. मग १९ ते २१: पांढऱ्या देवमाशाची लढाई. ती भव्य आहेच, पण तिच्यासाठी नाही, विल्हेल्म या म्हाताऱ्या तलवारबाजासाठी बघायची. त्याची जुनी जखम समजली नसेल तर पुढचं बरंचसं वरवरचं वाटेल. मग दुसऱ्या सीझनचा पहिला भाग, आणि दुसऱ्या अर्ध्यातलं नायिका एमिलियाचं बालपण, कारण तिसऱ्या सीझनमधल्या एका खलनायकाची खरी ओळख तिथे होते. एवढं साडेतीन ते चार तासांत होतं.

'फ्रोझन बॉण्ड' हा २०१९ चा छोटा चित्रपट एमिलिया आणि तिचा मांजररूपी सोबती पक यांची पहिली भेट सांगतो. वेळ असेल तर जरूर बघावा. 'मेमरी स्नो' (२०१८) गमतीचा आहे. सोडला तरी चालतो.

सर्वांत जास्त फसगत होते ती दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागावरून. पहिला सीझन गोड प्रसंगावर संपवला होता, आणि त्याच कथाभागाच्या शेवटी रेम या मोलकरणीवर होणारा घाव चार वर्षं राखून ठेवून दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला दाखवला. तो भाग नजरेतून सुटलेला माणूस पुढचे ४० भाग "रेमला विसरले सगळे" अशी तक्रार करत राहतो. इथे दोष आठवणीच्या खात्यावर.

'वेग फार जास्त आहे' किंवा 'रेंगाळलंय' हे नुसतं वाटण्यावर सोडायचं की मोजता येतं?

ढोबळ मोजता येतं. मूळ कादंबरीचे ('लाइट नॉव्हेल' म्हणतात ती) किती खंड किती भागांत बसवले ते बघा. पहिला सीझन: ९ खंड, २५ भाग, म्हणजे खंडाला पावणेतीन भाग. दुसरा: खंड १० ते १५, भाग २५, म्हणजे खंडाला चारच्या थोडे वर. तिसरा: खंड १६ ते २०, भाग १६, म्हणजे तीनच्या थोडे वर, पण पहिल्या ९० मिनिटांना नेहमीच्या पावणेचार भागांइतकं धरलं तर हिशेब पावणेचारच्या आसपास जातो.

यातून दिसतं काय? लोक ज्याला 'घट्ट बांधलेला' म्हणतात तो पहिला सीझन आकड्यांत सर्वांत घाईचा आहे, आणि 'रेंगाळलेला' दुसरा सर्वांत सविस्तर. दुसऱ्या सीझनच्या अनेक भागांत सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं कापून ती तीन मिनिटं कथेला दिलेली आहेत. म्हणजे तिथे संथपणा वेळ भरून काढण्यासाठी नव्हता; मजकूरच तेवढा होता आणि तो ठेवायचा निर्णय घेतला होता. तो निर्णय न आवडणं मान्य आहे. 'पाणी घातलं' म्हणणं मान्य नाही.

आकडा एकटा मात्र पुरत नाही. 'ओव्हरलॉर्ड'चे सुरुवातीचे सीझन १३ भागांत तीन-तीन खंड घेतात, खंडाला चारच्या वर भाग पडतात, तरी वाचकांना ते धावते वाटतात, कारण ते खंड जाडजूड आहेत आणि त्यातला मोठा भाग मनातल्या विचारांचा आहे. विचार पडद्यावर आणणं कठीण, म्हणून तेच आधी गळतात.

कादंबरी वाचलेला मित्र म्हणतो, 'सगळं कापलं, बघू नकोस'. ऐकायचं का?

त्याला विचारा: नेमकं काय कापलं? उत्तर तीनपैकी एका जातीचं असतं. पहिली जात, मनातलं बोलणं. सुबारूच्या डोक्यात अर्धं पान चालणारी घालमेल पडद्यावर नटाच्या आवाजात आणि चेहऱ्यात जाते. युसुके कोबायाशी यांचं काम ऐकलं तर ती फारशी हरवलेली नाही. दुसरी जात, बाजूच्या पात्रांचे प्रसंग. ते गेले की चुटपुट लागते, पण कथा उभी राहते. तिसरी जात कारणांची: एखादी गोष्ट घडते, पण ती का घडली हे सांगणारा दुवाच गायब असतो. हाच खरा दोष.

तो ओळखायला कादंबरी वाचायची गरज नाही. एखाद्या पात्राला अशी गोष्ट माहीत असते जी त्याला कळताना आपण पाहिलीच नाही. किंवा काल जिवावर उठलेले दोघे आज खांद्याला खांदा लावून उभे असतात आणि मधलं काहीच नसतं. असा प्रसंग आला की भाग थांबवून मागचे दोन भाग चाळायचे. दुवा सापडला तर लक्ष आपलं नव्हतं. नाही सापडला तर पटकथेच्या खात्यावर एक खूण.

कापण्याने सीझन खरोखर मेल्याचं उदाहरण हवं असेल तर 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड'चा २०२१ चा दुसरा सीझन. पहिल्या सीझनने १२ भागांत कथेची सुरुवात निवांत सांगितली होती. दुसऱ्याने ११ भागांत उरलेली सगळी कथा उरकली आणि गोल्डी पॉण्डचा अख्खा कथाभाग वगळला. तिथे मित्राचं ऐका.

चित्रं बिघडली आहेत हे दाखवायला लोक थांबवलेली चौकट टाकतात. तो पुरावा धरायचा का?

सहसा नाही. सेकंदाला २४ चौकटी धावतात, पण हाताने काढलेलं प्रत्येक चित्र दोन किंवा तीन चौकटी टिकतं. म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. झपाट्याची हालचाल दाखवताना मधली चित्रं मुद्दाम ताणलेली, पुसट, तीन हातांची काढतात. चालू असताना डोळा त्यांना वेग म्हणून वाचतो. थांबवलं की राक्षस दिसतो.

खरी घसरण चालू चित्रातच दिसते. साध्या बोलण्याच्या प्रसंगात एकाच पात्राचा चेहरा दर शॉटला थोडा वेगळा. पात्रं चालताना कंबरेखाली कधीच न दिसणं. मारामारीत फटका बसण्याआधी कट आणि बसल्यानंतर पुन्हा कट, मधला फटका गायब. गर्दीत माणसं पुतळ्यासारखी उभी. एका भागात हे झालं तर तो भाग उपाशी राहिला. सलग तीन-चार भागांत झालं तर वेळापत्रक कोसळलं आहे.

फोनवर डेटा वाचवायच्या सेटिंगमधे ४८० रिझोल्यूशनवर बघून काळोख्या प्रसंगांच्या रंगांवर मत देऊ नये. त्या पट्ट्या आणि ठिपके आपल्या नेटचे असतात.

मोठ्या हल्ल्याच्या वेळी चित्र एकदम मंद का होतं? निर्मात्यांनी काही लपवलं का?

लपवलं नाही, झाकलं. १६ डिसेंबर १९९७ ला पोकेमॉनच्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटाने जपानमधे शेकडो मुलांना त्रास झाला, अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यानंतर वाहिन्यांनी चमकणाऱ्या दृश्यांवर कडक नियम आणले. म्हणून जादूचा स्फोट झाला की प्रसारणाच्या प्रतीत पडदा अंधारतो आणि हालचालीमागे आधीच्या चौकटीची सावली रेंगाळते. स्ट्रीमिंगला अनेकदा हीच प्रत येते. ब्लू-रेमधे हा अंधार बहुतेक वेळा काढलेला असतो, काही चित्रंही सुधारलेली असतात. मोठ्या लढाईबद्दल अटीतटीचा वाद घालायचा असेल तर आधी कोणती प्रत बघितली ते ठरवून घ्या.

शेवटच्या नामावलीतून काही कळतं का?

पुष्कळ. 'साकुगा कांतोकु' म्हणजे चित्रांवर शेवटचा हात फिरवून चेहरे एकसारखे ठेवणारे. त्या शीर्षकाखाली एक-दोन नावं असली तर भाग निवांत झाला. आठ-दहाच्या वर गेली की बहुधा शेवटच्या आठवड्यात अनेक हात लावून तो पूर्ण केला आहे. दुय्यम चित्रकारांची यादी लांबलचक असेल तर संशय पक्का. अपवाद आहे: मोठ्या लढाईच्या भागात खास त्या कामासाठी बोलावलेली माणसंही त्याच यादीत असतात. म्हणून यादी आणि पडदा दोन्ही जुळले तरच बोला.

जपानी येत नसेल तर अ‍ॅनिलिस्टसारख्या ठिकाणी कर्मचाऱ्यांची यादी रोमन लिपीत मिळते. स्टोरीबोर्ड कोणी केला तेही तिथेच बघावं. आवडलेल्या भागाच्या मागे तेच नाव पुन्हा निघालं की मजा येते.

दिग्दर्शक बदलला. आशा सोडायची का?

दिग्दर्शक बदलला की काय टिकलं ते आधी मोजा. पहिले दोन सीझन मासाहारु वातानाबे यांचे, तिसरा मासाहिरो शिनोहारा यांचा. पात्ररचना क्यूता साकाई यांच्याकडून हारुका सागावा यांच्याकडे गेली, म्हणून डोळे आणि हनुवटीची ठेवण किंचित वेगळी दिसते. तो भास नाही. पण स्टुडिओ तोच, व्हाइट फॉक्स. पटकथेची घडी बसवणारे योकोतानी तेच, संगीतकार सुएहिरो तेच, मुख्य आवाज तेच. इतकं टिकलं असताना सूर बदलत नाही, लय थोडी बदलते.

स्टुडिओच बदलला तर गोष्ट गंभीर, पण तिथेही निकाल एकच नसतो. 'सेव्हन डेडली सिन्स'चे पहिले सीझन ए-वन पिक्चर्सने केले आणि २०१९ मधे काम स्टुडिओ डीनकडे गेलं. तिसऱ्या सीझनमधली एस्कानोर आणि मेलिओडास यांची लढाई आजही हसण्यासाठी दाखवली जाते. 'अटॅक ऑन टायटन' विट स्टुडिओकडून 'मापा' (MAPPA) या स्टुडिओकडे गेलं, डिसेंबर २०२० पासून शेवटचा सीझन आला, बरेच टायटन संगणकावर बनवलेले दिसू लागले, त्यावर कुरकुर झाली, आणि तरीही मालिका उभी राहिली. फरक स्टुडिओच्या नावात नाही; हातात किती महिने होते आणि किती काम बाहेर दिलं यात आहे.

'नुसत्या बैठका आणि गप्पा.' हा दोष धरायचा का?

गप्पांमधून कोणाचं मत बदलतं का, एवढं बघा. 'दॅट टाइम आय गॉट रीइन्कार्नेटेड अ‍ॅज अ स्लाइम' (थोडक्यात 'स्लाइम') या मालिकेचा २०२४ चा तिसरा सीझन एप्रिल ते सप्टेंबर सलग २४ भाग चालला आणि त्यातल्या बैठकांवर टीकेचा पाऊस पडला. कादंबरीतही बैठका आहेतच, म्हणजे अर्धा दोष तिथला. पण प्रेक्षकाला आधीच माहीत असलेली गोष्ट टेबलाभोवती बसून दुसऱ्या पात्राला पुन्हा सांगायची, आणि तीही अख्खा भाग, हा पटकथेचा निर्णय आहे. री:झिरोच्या दुसऱ्या सीझनमधे गप्पा तितक्याच लांब आहेत. तिथे मात्र बोलणं संपल्यावर सुबारू आणि समोरचा माणूस पहिल्या जागी उरत नाहीत. एकिडना या चेटकिणीच्या चहापानाचं उदाहरण घ्या: मैत्रीने सुरू होतं आणि कुठे जाऊन संपतं ते आठवा.

तिसऱ्या सीझनमधे सुबारू फारसा मरतच नाही. मग री:झिरो कसलं?

तक्रार कादंबरीच्या नावाने लिहा. तिसऱ्या सीझनने घेतलेला तिचा पाचवा कथाभाग तसाच आहे: मरून मागे येणं मोजक्या वेळा, आणि भर एका माणसाच्या धडपडीवर नाही, अनेकांना एकत्र बांधण्यावर. ज्याला पहिल्या सीझनमधलं ते चक्रव्यूहात अडकणं हवं होतं त्याला हे कमी झणझणीत लागणार. आमच्या मते सूत्र बदलायची हिंमत योग्य होती, खलनायकांची गर्दी मात्र जास्त झाली; चौघांना पुरेल इतकी जागा १६ भागांत नव्हती.

इंग्रजी सबटायटलवरून संवादांचा दर्जा ठरवता येतो का?

अर्धवट. जपानीतलं आदराचं आणि सलगीचं सगळं गणित इंग्रजीत सपाट होतं. मराठी कानाला ते पकडणं उलट सोपं, कारण 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांतला फरक आपल्या हाडात आहे. रेमचं 'सुबारू-कुन', 'एमिलिया-सामा' आणि सुबारूचं लाडिक 'एमिलिया-तान' नुसतं ऐकत राहा. कोण कोणाला कधी काय म्हणतं हे बदललं की नातं बदललं. बिआट्रिस या पात्राच्या वाक्याशेवटी येणारं 'काशिरा' इंग्रजीत 'आय सपोज' होऊन दर ओळीला टोचतं. ते तिच्या बोलण्याची लकब आहे, लेखकाचा कच्चेपणा नव्हे. डब बघितला असेल तर आवाजाबद्दलची तक्रार डबची, मालिकेची नाही.

मायअ‍ॅनिमेलिस्ट या प्रेक्षकांच्या गुणांच्या साइटवर नव्या सीझनला जुन्यापेक्षा जास्त गुण. म्हणजे तो सरस?

नाही. ज्यांना पहिला सीझन आवडला नाही ते दुसऱ्याला गुण द्यायला येतच नाहीत. राहतात ते चाहते. म्हणून लांब मालिकांचे गुण वर चढत जातात, दर्जा असो वा नसो. ती साइट किमान पाचवा हिस्सा बघितलेल्यांचेच गुण मोजते, तरी पहिल्या आठवड्यातला आकडा उत्साहाचाच असतो. सीझन संपून दोन-तीन महिने झाल्यावर बघा, आणि सरासरीपेक्षा सहा-सातच्या आसपास गुण देणाऱ्यांचे शब्द वाचा. दहा आणि एक देणारे फारसं काही सांगत नाहीत.

कुठे भाग ५१ लिहिलंय, कुठे भाग १. कोणता खरा?

दोन्ही. पहिल्या दोन सीझनचे मिळून ५० भाग, म्हणून तिसऱ्याचे काही ठिकाणी ५१ ते ६६ असे आकडे पडतात.

जपानी वेळापत्रकात '२५:००' म्हणजे काय?

त्या दिवसाच्या मध्यरात्रीनंतरचा एक वाजता. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. तेव्हा शनिवार २५:०० म्हणजे आपल्याकडे शनिवारीच रात्री साडेनऊ. स्ट्रीमिंगवर भाग त्यानंतर किती वेळाने येतो ते त्या सेवेच्या करारावर असतं.

स्वतःचे गुण द्यायचे तर पद्धत काय?

भाग संपल्यावर त्याच रात्री तीन ओळी: काय घडलं, काय खटकलं, आणि खटकलेलं कोणाच्या खात्यावर (कादंबरी, पटकथा, चित्रं, प्रसारण, सबटायटल की आपण). आकडा लिहायचा नाही. सीझन संपला की ओळी वाचायच्या. एकच खातं पाच-सहा वेळा आलं तर तो सीझनचा दोष. एकदाच आलं तर तो त्या भागाचा. मग सर्वांत आवडलेला आणि सर्वांत टाकाऊ वाटलेला असे दोन भाग परत बघायचे. टाकाऊ भाग दुसऱ्यांदा बरा वाटला तर पहिल्यांदा आपली अपेक्षा आडवी आली होती. आवडलेला भाग दुसऱ्यांदा पोकळ वाटला तर गाणं आणि धक्का यांनी काम केलं होतं. आकडा यानंतर. कादंबरीच्या खात्यावरचे दोष सीझनच्या गुणांतून वजा करायचे नाहीत, वेगळे लिहायचे.

पुढचं वाचायचंच असेल तर कुठून धरू?

तिसरा सीझन विसाव्या खंडाशी थांबतो, म्हणून २१ पासून. इंग्रजी भाषांतर येन प्रेसचं आहे. तिसरा सीझन घाईचा वाटला असेल तर १६ पासून धरा: तीच लढाई, पण प्रत्येक मनोऱ्यावर थांबायला वेळ असलेली. वेब-कादंबरी (लेखकाने आधी नेटवर टाकलेली) आणि छापील आवृत्ती यांत प्रसंगांचे फरक आहेत, त्यामुळे 'हे तर कापलं' म्हणण्याआधी ते छापील खंडात आहे का हे बघून घ्या.